उरलेली पस्तीस मुलं

पत्र:

आदरणीय ताई,

नऊ वर्षांपासून आम्ही दहाबारा जण मिळून संध्याकाळचा वाचनवर्ग चालवतो. शाळेत मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवायचं, एवढंच काम. कुणी मानधन घेत नाही. पुस्तकं आणि जागेचं भाडं देणग्यांतून भागतं. यंदा वर्षाच्या शेवटी मी पहिल्यांदाच हट्ट धरला आणि एकेका मुलाला समोर बसवून चाचणी घेतली. ६२ मुलांपैकी २७ जणांना अनोळखी परिच्छेद अडखळत का होईना वाचता आला. ३५ जणांना आला नाही. वार्षिक अहवालात मात्र ‘बहुतांश मुले आता सहज वाचतात’ असं छापून गेलं.

अहवाल लिहिणारे आमच्यातले सगळ्यांत जुने. आम्ही त्यांना काका म्हणतो आणि मला ते खरोखर वडिलांच्या जागी आहेत. मी विचारलं, तर म्हणाले, ‘खरा आकडा सांगितला तर निम्मे कार्यकर्ते उद्यापासून यायचे बंद होतील, देणग्या आटतील, आणि मग त्या सत्तावीस जणांचंही नुकसान. तू विल्यम जेम्स वाच. जे उपयोगी पडतं ते सत्य. आपलं वाक्य उपयोगी पडतंय.’ मी वाचलं. हा अमेरिकन तत्त्वज्ञ खरंच तसं काहीसं म्हणतो. त्याच परंपरेतला नंतरचा रिचर्ड रॉर्टी तर म्हणतो की ज्ञानाच्या जागी आशा ठेवा. मला उत्तर सुचेना.

त्याहून वाईट म्हणजे तो आकडा पाहिल्यापासून वर्गावर जायला पाय उचलत नाही. नऊ वर्षांत एवढंच? आशा टिकवायची तर खोटं बोलावंच लागतं का?

– एक कार्यकर्ती

उत्तर:

नाही, लागत नाही. काकांनी ज्याचा आधार घेतला, त्या जेम्सनंही या वाक्याला सत्य म्हटलं नसतं. पण ‘जेम्सचा विपर्यास झाला’ एवढं सांगून तुमचं समाधान होणार नाही, कारण तुमचा खरा प्रश्न जेम्सबद्दल नाहीच. मला जे वाटतं ते जरा सविस्तर सांगते.

आधी नावाविषयी. जेम्सच्या या विचाराला प्रॅग्मॅटिझम म्हणतात, मराठीत फलप्रामाण्यवाद. ‘फळ’ म्हटलं की आपल्या कानाला ‘फायदा’ ऐकू येतो आणि गडबड तिथूनच सुरू होते. हा विचार पहिल्यांदा मांडणाऱ्या चार्ल्स सँडर्स पर्सच्या मनात फायद्याचा विषयच नव्हता. पर्स अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यात जवळपास तीस वर्षं मोजमापाचं काम करत होता. मोजमापात चूक किती राहते, ती कशी ओळखायची, हा त्याचा रोजचा धंदा. १८७८ साली लिहिलेल्या एका निबंधात तो विचारतो, हिरा कठीण आहे असं म्हणतो तेव्हा आपण नेमकं काय म्हणत असतो? त्याचं उत्तर असं, की इतर बहुतेक पदार्थांनी घासलं तरी त्याच्यावर ओरखडा उठणार नाही. कठीणपणाचा अर्थ तेवढाच. एखाद्या कल्पनेचा अर्थ कळायला हवा असेल तर ती खरी असताना काय काय घडेल, हे सांगता आलं पाहिजे.

आता ‘हे मूल वाचतं’ या वाक्याला हीच कसोटी लावून बघा. वाचतं म्हणजे काय? आधी न पाहिलेला परिच्छेद समोर ठेवला तर त्याला तो वाचता येईल. तुम्ही तेच केलंत. म्हणजे तुमच्या वर्गात फलप्रामाण्यवादी पद्धतीनं वागलेली पहिली व्यक्ती तुम्ही आहात, आणि हे तुम्ही कुठलंही पुस्तक न उघडता केलंत.

आता जेम्सकडे येऊ. ते वाक्य त्याच्या १९०७ सालच्या ‘प्रॅग्मॅटिझम’ या पुस्तकात आहे. आपल्या विचाराच्या वाटचालीत जे सोयीचं ठरतं ते सत्य, असं तो म्हणतो. पण वाक्य तिथे संपत नाही. लगेच पुढे तो लिहितो की सोयीचं म्हणजे लांबच्या पल्ल्यात आणि सगळं मिळून सोयीचं, कारण आज नजरेसमोर असलेल्या अनुभवाशी जुळणारी गोष्ट पुढच्या अनुभवाशी जुळेलच असं नाही. काका वाक्याच्या मध्यावर थांबले. बरेच जण तिथेच थांबतात.

त्याच पुस्तकातली एक उपमा मला तुमच्या अहवालासाठी फार महत्त्वाची वाटते. जेम्स म्हणतो, सत्याचा बराचसा व्यवहार उधारीवर चालतो. जगात एक देश अमुक ठिकाणी आहे हे आपण तिथे न जाताच मानतो. नोटा जशा कुणी नाकारत नाही तोवर चालतात, तशी आपली मतं चालतात. पण कुठेतरी कुणीतरी प्रत्यक्ष समोर जाऊन पडताळलेलं असावं लागतं. तो पाया नसेल तर सगळी पतव्यवस्था कोसळते. तुमचे देणगीदार वर्गावर येऊन मुलांना वाचायला लावत नाहीत. ते तुमच्या शब्दाची नोट स्वीकारतात. तुमच्या संस्थेत प्रत्यक्ष पडताळणी एकदाच झाली आहे, ती तुम्ही केलीत, आणि तिच्यात आलेला आकडा नोटेवर छापलेल्या आकड्याशी जुळत नाही.

इथे काका म्हणतील, ‘पण नोट चालतेय ना?’ या प्रश्नावर मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

पर्स आणि जेम्स दोघंही ज्या मंडळीत घडले, तिथे अलेक्झांडर बेन या स्कॉटिश विचारवंताची एक व्याख्या सगळ्यांच्या तोंडी होती. विश्वास म्हणजे ज्याच्या आधारावर माणूस कृती करायला तयार असतो ते. जेम्स ‘उपयोगी पडतं’ म्हणतो ते अशा विश्वासाबद्दल. मग विचारा, ‘बहुतांश मुले सहज वाचतात’ यावर काकांचा स्वतःचा विश्वास आहे का? त्यांची कृती काय सांगते? उद्या संध्याकाळी वर्गावर आल्यावर ते त्या पस्तीस मुलांच्या हातात गोष्टींची जाड पुस्तकं देतील का? नाही देणार. ते त्यांना पुन्हा जोडाक्षरांच्या तक्त्यासमोर बसवतील. त्यांचे हात, त्यांची रोजची आखणी, त्यांनी मुलांचे पाडलेले गट, सगळं काही ‘पस्तीस जणांना वाचता येत नाही’ याच समजुतीवर चालतं. त्यांच्याही कामात खरा आकडाच उपयोगी पडतोय. अहवालातलं वाक्य त्यांनी नुसतं उच्चारलं आहे. कशावर तरी विश्वास ठेवून त्याप्रमाणे वागणं वेगळं, आणि दुसऱ्यानं वागावं म्हणून एक वाक्य सोडून देणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला मराठीत आणि कुठल्याही तत्त्वज्ञानात थाप म्हणतात.

आणि ज्यांनी त्या वाक्यावर खरोखर विश्वास ठेवला त्यांचं काय होईल? एखादी नवी कार्यकर्ती अहवाल वाचून येईल, हौसेनं एखाद्या मुलासमोर गोष्ट ठेवेल, आणि ते मूल मान खाली घालून गप्प बसेल. वाक्य तिथे मोडतं. ज्या मुलांबद्दल ते लिहिलं, त्यांच्यासमोरच ते निकामी ठरतं. कुणासाठी उपयोगी, कशासाठी, किती दिवस, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ‘उपयोगी’ या शब्दाला अर्थच येत नाही.

हे फक्त अमेरिकेतच सुचलं असं नाही. आपल्या न्यायदर्शनात वात्स्यायनाच्या भाष्याची सुरुवातच या मुद्द्यापासून होते. प्रमाणानं, म्हणजे ज्ञानाच्या साधनानं, वस्तू कळली, त्यानुसार माणूस हालला, आणि त्याची हालचाल सफळ झाली, की ते प्रमाण खरं असल्याचं कळतं. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली. नैयायिक मात्र एक फरक काटेकोरपणे पाळतात. तहान भागणं ही पाणी असल्याची खूण आहे. तहान भागली म्हणून तिथे पाणी निर्माण झालं, असं नाही.

जेम्सनं हा फरक प्रत्येक वेळी पाळला का? नाही, आणि हे मी लपवणार नाही. विशेषतः धर्मश्रद्धेबद्दल बोलताना तो एखाद्या समजुतीनं मिळणारा धीर आणि तिचा खरेपणा यांतली रेघ पुसट करतो. जी. ई. मूर आणि बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञांनी त्याच काळात त्याला यावरून धारेवर धरलं. तुम्हाला पडलेला प्रश्न त्यांनाही पडला होता: काही खोट्या समजुतीही उपयोगी पडतात, मग त्याही सत्य का? खुद्द पर्स इतका वैतागला की १९०५ मध्ये त्यानं आपल्या मताला ‘प्रॅग्मॅटिसिझम’ असं नवं नाव दिलं आणि लिहिलं की हे नाव इतकं कुरूप आहे की कुणी पळवून नेणार नाही. तेव्हा काका चुकले, पण चुकायला जागा जेम्सनंच ठेवली होती. त्यांच्याशी बोलताना हे लक्षात असू द्या.

आता आशेबद्दल. इथे जेम्सनं जे दिलं ते मला मनापासून मोलाचं वाटतं.

१८७० साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, जेम्स खोल निराशेत होता. माणसाच्या हातात काहीच नाही, सगळं आधीच ठरलेलं आहे, या विचारानं तो पोखरला गेला होता. ३० एप्रिलला त्यानं रोजनिशीत लिहिलं, की शार्ल रनूव्हिए या फ्रेंच विचारवंताचा निबंध वाचला, आणि आता इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवणं हीच माझ्या इच्छास्वातंत्र्याची पहिली कृती असेल. त्याची निराशा त्या दिवशी संपली नाही, पुढे वर्षानुवर्षं ती परतून येत राहिली. पण २६ वर्षांनी, १८९६ मध्ये, ‘विश्वास ठेवण्याची इच्छा’ या विषयावर त्यानं जे व्याख्यान दिलं, त्याची मुळं मला त्या नोंदीत दिसतात.

ते व्याख्यान विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाला उत्तर होतं. क्लिफर्डनं १८७७ मध्ये एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज जुनं आहे, डागडुजी हवी आहे, मनात शंका येते. पण मालक स्वतःची समजूत घालतो, इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. स्थलांतरितांना घेऊन जहाज निघतं आणि बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, मालकाचा विश्वास अगदी प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण पुरावा नसताना विश्वास ठेवण्याचा हक्क त्याला नव्हता. जेम्सचं उत्तर असं की, क्लिफर्डचा नियम सगळीकडे लावला तर काही सत्यं आपल्याला कधीच मिळणार नाहीत, कारण ती आपल्या विश्वासावाचून घडतच नाहीत. त्याच्याच दुसऱ्या एका निबंधातला दाखला घ्या: डोंगरात अडकलेल्या माणसाला मोठी उडी मारायची आहे. जमेल असं वाटलं तर पाय घट्ट पडतो, आणि शंकेनं थरथरला तर तो दरीत जातो. समोरचा माणूस आपला मित्र होईल असं मानून हात पुढे केला तरच बहुधा तो मित्र होतो.

पण जेम्सनं याला अटी घातल्या होत्या. पर्याय मनाला जिवंत वाटणारा हवा, टाळता न येणारा हवा, मोलाचा हवा, आणि मुख्य म्हणजे पुराव्यावरून त्याचा निकाल लागणारा नसावा. जिथे पुरावा बोलतो तिथे इच्छेला बोलण्याचा हक्क नाही.

आता तुमच्यासमोरचे दोन प्रश्न वेगळे करा. यंदा किती मुलांना वाचता आलं? याचा निकाल लागलेला आहे. २७. इथे ना काकांची इच्छा चालेल, ना जेम्सची. उरलेली पस्तीस मुलं वाचायला शिकतील का? याचा निकाल लागलेला नाही, कोणत्याही आकड्यात तो दडलेला नाही, आणि तुम्ही वर्गावर जाता की नाही हा त्या निकालाचाच एक भाग आहे. आशेची जागा या दुसऱ्या प्रश्नात आहे. काकांनी दुसऱ्या प्रश्नाची आशा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात ओतली. आणि रागावू नका, पण तुम्ही उलट केलंत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर घेतलंत आणि तेच दुसऱ्यावर चिकटवलंत. ‘नऊ वर्षांत एवढंच?’ हे तुमचं वाक्य तुमच्याच चाचणीला लावून बघा. चाचणी तुम्ही पहिल्यांदा घेतलीत. ही मुलं आली तेव्हा त्यांना किती येत होतं, याची नोंद नाही. आधीच्या वर्षांत किती मुलं वाचायला लागून निघून गेली, ती कुणी मोजली नाहीत. ६२ पैकी २७ ही नऊ वर्षांची गोळाबेरीज नाही. ती फक्त पहिली मोजणी आहे. जो काटेकोरपणा तुम्ही अहवालाला लावलात तोच तुमच्या निराशेलाही लावा. तिलाही पुरेसा पुरावा नाही.

जेम्स आणि त्याच्यानंतरचा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या भूमिकेला मेलिओरिझम म्हणतात, साध्या मराठीत सांगायचं तर सुधारणा शक्य आहे ही धारणा. जग चांगलंच होणार असं ती म्हणत नाही. वाईटच होणार असंही म्हणत नाही. सुधारणा ही शक्यता आहे, आणि तिच्या अटी एकेक करून पुऱ्या होत जातात तशी ती अधिकाधिक संभाव्य होत जाते. ड्यूई हे अधिक जमिनीवर आणतो. त्याच्या मते ‘सगळं’ सुधारेल का हा प्रश्नच पोकळ आहे. या घडीची ही विशिष्ट परिस्थिती, बरी असो की वाईट, आहे त्यापेक्षा बरी करता येते का, हे बघायचं. अशी आशा ठेवणाऱ्याला खऱ्या आकड्याची गरज भाबड्या आशावाद्यापेक्षा जास्त असते. कुठे अडलंय हे माहीत नसेल तर सुधारणार काय? ‘बहुतांश मुले वाचतात’ हे खरं असतं तर तुमच्या वर्गाला आणखी एका कार्यकर्त्याची गरजच नसती. त्या वाक्यानं पस्तीस मुलं कागदावरून पुसून टाकली.

शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये हल हाउस सुरू केलं. गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत राहायचं, त्यांच्यासाठी वर्ग चालवायचे, त्यांच्यासोबत काम करायचं. ड्यूईशी त्यांचं जवळचं नातं होतं आणि त्याच्या विचारांवर तिथल्या अनुभवाचा ठसा आहे. १८९५ मध्ये हल हाउसमधल्या मंडळींनी वस्तीचे नकाशे छापले. घराघरात जाऊन कोण कुठल्या देशातून आलंय, कुणाची मजुरी किती, हे रंगांनी दाखवलं. त्यांचं काम कसं चाललंय याचं ते कौतुकपत्र नव्हतं. परिस्थिती किती वाईट आहे हे त्यातून उघड दिसत होतं. ही माहिती जमवण्यात पुढे असलेल्या फ्लोरेन्स केली यांनी इलिनॉयमध्ये १८९३ चा कारखाना कायदा होण्यासाठी जिवाचं रान केलं होतं. मुलांच्या मजुरीवर निर्बंध आले, बायकांसाठी आठ तासांचा दिवस ठरला. दोन वर्षांत आठ तासांचं कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. केली थांबल्या नाहीत, पुढची कित्येक वर्षं त्याच प्रश्नांवर झटत राहिल्या. आशा म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांसमोर आधी ते रंगीत नकाशे येतात.

रॉर्टीबद्दल थोडक्यात सांगते. ज्ञानाच्या जागी आशा, हे तो म्हणतो खरं. त्याचा रोख असा, की जगापलीकडच्या कुठल्यातरी पक्क्या हमीच्या मागे लागण्यापेक्षा माणसांनी एकमेकांना समजावत, सामावून घेत बरं भविष्य घडवावं. त्याच्या बऱ्याच मतांशी माझं पटत नाही. आपण एकमेकांना पटवतो, त्यापलीकडे सत्याचा वेगळा माग घेता येत नाही, असं तो म्हणू लागतो तेव्हा मला पर्स आठवतो. पर्सच्या लेखी सत्य म्हणजे सगळे शोध घेत राहिले तर शेवटी ज्यावर येऊन थांबतील ते. आज आमच्या बैठकीत काय खपलं, याला तिथे किंमत नाही. पण रॉर्टीचाही आधार काकांना मिळत नाही. एखादी गोष्ट आपल्या मंडळींना पटली तरी ती खरी नसू शकते, या सावधगिरीसाठी ‘खरं’ हा शब्द त्यानं राखून ठेवला आहे. आणि पटवायचं कुणाला, ते वर्तुळ वाढवत न्या, असं तो सतत सांगतो. तुमच्या अहवालाच्या वर्तुळात मुलांचे आईवडील होते का? मुलं होती का?

काकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र शिल्लक आहे. सत्य सांगितलं तर काम बुडेल. यावर मला ड्यूईच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायचा आहे. १९३६ पासून मॉस्कोत स्टालिनच्या विरोधकांवर खटले चालले होते. रशियन क्रांतीचा एक नेता आणि स्टालिनचा विरोधक लिऑन ट्रॉट्स्की याच्यावर कटाचे भयंकर आरोप होते आणि तो परागंदा होता. फॅसिझम वाढत होता, सोव्हिएत रशिया हा त्याच्याविरुद्धचा आधार आहे असं अमेरिकेतल्या अनेक पुरोगामी मंडळींना वाटत होतं, आणि आरोप तपासायला निघणं म्हणजे चांगल्या कामात खोडा घालणं, असं त्यांचं मत होतं. ‘उपयोगी ते सत्य’ याचा काका लावतात तोच अर्थ असता तर ड्यूई घरीच बसला असता. ७७ वर्षांचा होता तो. शोध कसा घ्यावा याच विषयावरचा आपला मोठा ग्रंथ त्यानं बाजूला ठेवला, एप्रिल १९३७ मध्ये मेक्सिकोतल्या कोयोआकानला गेला आणि चौकशी समितीचा अध्यक्ष म्हणून दिवसचे दिवस साक्ष ऐकली. ट्रॉट्स्कीचं राजकारण त्याला मान्य नव्हतं. तरी समितीनं पुरावा तपासून आरोप निराधार ठरवले. आपल्या बाजूला काय ऐकायला आवडेल, हा ड्यूईच्या लेखी पुरावा नव्हता.

याच ड्यूईच्या वर्गात कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर शिकले. १९३६ मध्ये छापलेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या न झालेल्या भाषणात त्यांनी आपल्या या गुरूचं ऋण नाव घेऊन मान्य केलं आहे. लोकशाही म्हणजे केवळ राज्य चालवण्याची रीत नव्हे, ती एकत्र जगण्याची, अनुभव एकमेकांना कळवत जगण्याची रीत आहे, हा विचार दोघांत समान आहे. मला तुमच्या संस्थेत दुखतं ते इथे. काकांनी बाकीच्या दहा जणांच्या वतीनं ठरवून टाकलं की यांना खरं पेलणार नाही. त्यांना विचारलं कुणी?

काही जण खरंच सोडून जातील. तसं होणार नाही असं मी सांगू शकत नाही. काही देणगीदारही जातील कदाचित. पण मला वाटतं, तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त जण राहतील, कारण वर्गावर रोज येणाऱ्याला आपल्या समोरचं मूल वाचत नाही हे आधीच ठाऊक असतं. प्रत्येकाला ते एकट्याला ठाऊक असतं आणि प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांची मुलं वाचताहेत, माझंच चुकतंय. त्या अहवालानं प्रत्येकाला असं एकटं पाडलं असेल. तुमच्यासारखंच.

आता काय करायचं ते. काकांशी आधी एकट्यानं बोला, बैठकीत नको. जेम्सवरून वाद घालू नका. त्यांना हे विचारा: ‘काका, या पस्तीसांपैकी कुणाच्या हातात उद्या गोष्टीचं पुस्तक द्याल?’ आणि उत्तराची वाट बघा. नऊ वर्षं काम उभं ठेवणाऱ्या माणसाची भीती खोटी नसते. ती ऐकून घ्या. मग सांगा की दुरुस्तीचं पत्र देणगीदारांना जायलाच हवं, आणि त्यावर त्यांची सही असेल तर मला बरं वाटेल. पत्र लहान असू द्या. ६२, २७, ३५, मोजणी पहिलीच होती, आधीचं वाक्य चुकीचं होतं, आणि पुढची मोजणी कोणत्या महिन्यात होईल.

बैठकीत नुसता आकडा टेबलावर टाकू नका. त्या पस्तीस नावांपुढे कोण कुठे अडतं ते लिहा. जोडाक्षरांवर कोण, वेलांटी-उकारांवर कोण, कुणाला अक्षरं येतात पण शब्द जुळवताना धाप लागते, कुणाला नीट दिसतच नाही, कोण आठवड्यातून एकदाच येतं. ‘पस्तीस’ ऐकून माणूस खचतो, ‘अकरा जण जोडाक्षरांवर अडलेत’ म्हटलं की कुणीतरी म्हणतं, ते मी घेते.

पर्सबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. शोध पुरेसा पुढे नेला तर प्रत्येक प्रश्नाला एक पक्कं उत्तर मिळेलच, अशी शास्त्रज्ञांची पूर्ण खात्री असते, असं त्यानं १८७८ च्या त्या निबंधात लिहिलं होतं. पुढे मजकूर सुधारताना त्यानं ‘खात्री’ काढली आणि तिथे ‘आनंदी आशा’ असं घातलं. आयुष्यभर मोजमाप केलेल्या माणसानं केलेली ही दुरुस्ती आहे.

पुढच्या चाचणीला काकांना शेजारी बसवा. निम्मी मुलं तुम्ही ऐका, निम्मी त्यांनी ऐकावीत. आणि त्या पस्तीसांतलं पहिलं नाव कुणाचं घ्यायचं, ते त्यांनाच ठरवू द्या. मुलांना सगळ्यांत जुनं ओळखणारे तेच आहेत.